सावत्र वडिलांना मुलगी दत्तक घ्यायची असेल तर: आधी संमती, मग कागद

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिल्या नवऱ्यापासून परस्परसंमतीने घटस्फोट झाला आणि मुलीचा ताबा त्यांच्याकडे आला. मुलगी आता १२ वर्षांची, सातवीत आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी दुसरं लग्न केलं. यजमान ३२ वर्षांचे, त्यांच्यापेक्षा वयाने लहान. गेल्या वर्षी या दोघांना मुलगा झाला. मुलीचे वडील नाशिकला असतात. पोटगी कधी येते, कधी येत नाही, फोन दिवाळीला. शाळेत, क्लासला, प्रवासाच्या तिकिटावर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव घरातल्या बाकी तिघांपेक्षा वेगळं दिसतं आणि दरवेळी खुलासा करावा लागतो. ठाण्यात कोर्ट नाक्यावर एकाने सांगितलं की स्टॅम्पपेपरवर दत्तकपत्र करा, रजिस्टर करा, काम झालं. यजमानांचं म्हणणं वेगळंच आहे: आमचं रीतसर लग्न झालंय, मुलगी माझ्या घरात वाढतेय, मग मी तिचा बाप आहेच ना, वेगळं दत्तक कशाला?

ताई, यजमानांच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यांच्या मनात जे आहे ते चांगलंच आहे. पण कायदा तसं मानत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये मुलांचे नैसर्गिक पालक कोण हे सांगितलंय आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की यातल्या 'पिता' आणि 'माता' या शब्दांत सावत्र वडील, सावत्र आई येत नाहीत. म्हणजे तुमच्याशी लग्न झाल्याने ते तुमचे पती झाले, मुलीचे पालक नाही झाले. दवाखान्यात ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करायची असो की तिच्या नावाच्या बँक खात्याचा व्यवहार, कायद्याच्या नजरेत अधिकार तुमचा आणि तिच्या जन्मदात्या वडिलांचा. वारसाचंही तेच. हिंदू वारसा कायद्यात पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत त्याचा मुलगा, मुलगी, विधवा, आई येतात. सावत्र मुलगी नाही. उद्या यजमानांच्या नावावरच्या फ्लॅटचा प्रश्न आला, त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसलं, तर तुमचा एक वर्षाचा बाळ वारस ठरेल आणि त्याची ताई ठरणार नाही. एकाच छताखाली वाढलेल्या दोन मुलांत कायदा असा फरक करतो. तो मिटवायचा असेल तर दत्तकाची प्रक्रिया खरोखर करायला हवी.

आता त्या दत्तकपत्राकडे येऊ. कोर्ट नाक्यावर मिळालेला सल्ला बऱ्याच घरांना लागू पडेल, पण तुम्हाला नाही. आपल्याकडे हिंदू कुटुंबांसाठी हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ आहे (पुढे '१९५६ चा कायदा' म्हणेन तो हाच). या कायद्यात 'हिंदू' म्हणताना बौद्ध, जैन आणि शीखही धरले आहेत. या कायद्याखाली कोर्टात न जाता, प्रत्यक्ष देणं-घेणं करून दत्तक होऊ शकतं, होमहवन लागत नाही, आणि दत्तकपत्र नोंदणीकृत असलं, त्यावर देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सह्या असल्या, तर कलम १६ खाली कोर्ट ते दत्तक कायदेशीर आहे असं गृहीत धरून चालतं. म्हणून तो मार्ग लोकांना सोपा वाटतो. पण याच कायद्याच्या कलम १० आणि ११ मध्ये अटी आहेत. मूल १५ वर्षं पूर्ण झालेलं नसावं, अविवाहित असावं. वेगळी रूढी सिद्ध करता आली तरच या दोन्हींना सूट. मुलगा दत्तक घ्यायचा तर घेणाऱ्याला हयात मुलगा, नातू, पणतू नसावा. मुलगी घ्यायची तर मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी. आणि पुरुष मुलगी दत्तक घेत असेल तर त्याचं वय मुलीपेक्षा किमान २१ वर्षांनी जास्त हवं. स्त्री मुलगा घेत असेल तरीही तेच.

तुमचे यजमान ३२, मुलगी १२. फरक २० वर्षांचा. इथेच हा दरवाजा बंद होतो.

याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण दुय्यम निबंधक कार्यालयात तुमचा दस्त कोणी अडवणार नाही. तिथे सह्या, अंगठे, ओळखपत्रं, साक्षीदार, मुद्रांक शुल्क हे पाहतात. वयातला फरक मोजून दत्तक वैध की अवैध हे ठरवणं त्यांचं काम नाही. दस्त नोंदला जाईल, शिक्का बसेल, तुम्ही पेढे वाटाल. पण कलम ५ म्हणतं की या अटींविरुद्ध केलेलं दत्तक मुळातच शून्य आहे. कलम १६ चं गृहीतक हे गृहीतकच. उलट पुरावा आला की ते गळून पडतं, आणि इथे उलट पुरावा म्हणजे दोन जन्मदाखले. हे कधी बाहेर येईल? मुलगी तिशीत असेल, यजमानांकडचं कोणीतरी वाटणीचा दावा लावेल, समोरचा वकील पहिल्याच कैफियतीत हा मुद्दा घेईल. त्या वेळी दुरुस्त करायला हातात काही नसतं.

अजून एक गोष्ट सगळ्या पुनर्विवाहित जोडप्यांसाठी सांगते. तुमची मुलगी आहे म्हणून नव्या बाळाचा अडथळा आला नाही. पण पहिल्या लग्नातला मुलगा असेल आणि दुसऱ्या लग्नातही मुलगाच झाला, तर त्या दिवसापासून १९५६ च्या कायद्याखाली सावत्र वडील त्या मोठ्या मुलाला दत्तक घेऊ शकत नाहीत. यजमानांना त्यांच्या पहिल्या लग्नातला मुलगा असेल तरीही तेच, मग तो कुठेही राहत असो. लोक म्हणतात, बाळ होऊ दे, घडी बसू दे, मग दत्तकाचं बघू. तोपर्यंत हा मार्ग हातचा गेलेला असतो.

तुमच्यासाठी दुसरा मार्ग आहे: बाल न्याय अधिनियम, २०१५ आणि त्याखालचं दत्तक नियमन, २०२२. हा मार्ग धर्म पाहत नाही. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कुटुंबांनाही तो खुला आहे. २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेणं हा ऐच्छिक मार्ग आहे आणि व्यक्तिगत कायदा त्याच्या आड येत नाही. या नियमांत सावत्र आई-वडिलांनी दत्तक घेण्याची स्वतंत्र तरतूद आहे आणि ती तुमच्यासारख्यांचा विचार करून केलेली आहे. अनोळखी मूल दत्तक घेणाऱ्या जोडप्याला वयाच्या मर्यादा असतात, लग्नाला किमान दोन वर्षं झालेली असावी लागतात, दोन किंवा जास्त मुलं असलेल्यांचा सहसा फक्त विशेष गरजा असलेल्या किंवा घर मिळायला अवघड जाणाऱ्या मुलांसाठीच विचार होतो. सावत्र पालकांना या तिन्हींतून सूट आहे. मूल १८ वर्षांच्या आतलं असलं की चालतं. म्हणून नववी-दहावीतली, पंधरा ओलांडलेली मुलं याच मार्गाने जातात.

पण मार्ग कोणताही घ्या, एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच येते: मुलीच्या वडिलांची संमती. माझ्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक आई इथे थांबते आणि म्हणते, "मॅडम, त्याला काय विचारायचं? त्याने कधी ढुंकून पाहिलं नाही." राग समजतो. तरीही ऐका. १९५६ च्या कायद्यातलं कलम ९ आई आणि वडील दोघांना मूल दत्तक देण्याचा समान हक्क देतं (२०१० च्या दुरुस्तीनंतर), पण एकाने तो दुसऱ्याच्या संमतीशिवाय वापरायचा नाही. अपवाद तीनच: दुसऱ्याने पूर्णपणे संन्यास घेतलेला असणं, तो हिंदू राहिलेला नसणं, किंवा सक्षम कोर्टाने त्याला विकलमनस्क ठरवलेलं असणं. 'पोटगी देत नाही', 'भेटायला येत नाही', 'दुसरं लग्न केलं' यांपैकी काहीही या यादीत नाही. घटस्फोटही नाही. मुलाला टाकून देणं हा मुद्दा कलमात येतो, पण तो आई आणि वडील दोघांनीही टाकलं असेल आणि पालक कोर्टाच्या परवानगीने मूल देत असेल तेव्हा. नियमन २०२२ मध्येही सावत्र पालकाच्या दत्तकासाठी जन्मदात्यांची आणि दत्तक घेणाऱ्याची संमती विहित नमुन्यात द्यावी लागते.

तुमच्या घटस्फोटाच्या कन्सेंट टर्म्स (दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या अटी) बाहेर काढा आणि मुलीविषयीचं कलम शब्दशः वाचा. बहुतेक ठिकाणी असं लिहिलेलं असतं: 'मुलीचा कायमचा ताबा आईकडे राहील, वडील त्यावर हक्क सांगणार नाहीत.' हे ताब्याबद्दल आहे. यातून वडिलांचं पितृत्व संपत नाही आणि दत्तकाला संमती मिळत नाही. काही टर्म्समध्ये 'पुढे पत्नीच्या पतीने मुलीस दत्तक घेतल्यास हरकत नाही' असंही वाक्य असतं. तसं असेल तर तो चांगला पुरावा आहे, तरीही आत्ताची, नमुन्यातली, त्यांच्या हातची संमती घ्या. आणि ताब्याचा किंवा भेटीचा कुठलाही अर्ज कौटुंबिक न्यायालयात प्रलंबित असेल तर दत्तकाची प्रक्रिया तो निकाली निघेपर्यंत सुरूच करता येत नाही, हे नियमनात स्पष्ट आहे. पोटगीच्या वसुलीचा अर्ज वेगळा, ताब्याचा वेगळा. तुमचं नक्की काय चालू आहे हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

वडिलांना कसं विचारायचं? माझा अनुभव असा की वकिलाची नोटीस पहिल्याच दिवशी गेली तर 'नाही' येण्याची शक्यता वाढते. तिकडचा माणूस वकील गाठतो, आणि ज्या मुलीला त्याने वर्षभर फोन केला नाही ती अचानक प्रतिष्ठेचा प्रश्न होते. घरातल्या वडीलधाऱ्यामार्फत, दोन्हीकडे शब्द असलेल्या माणसामार्फत आधी बोलणं व्हावं. त्यांना काय विचारलं जातंय हे पूर्ण सांगा: दत्तक झालं की त्यांची पोटगीची पुढची जबाबदारी संपेल, आणि त्यांचा भेटीचा कायदेशीर हक्कही. काही वडील पहिल्या भागासाठी सही करतात, काही दुसऱ्या भागासाठी अडतात. एका बापाने माझ्या समोर संमतीचा कागद दोनदा वाचला, पेन हातात घेतलं आणि विचारलं, "हिच्या लग्नात मला बोलावतील का?" मुलीची आई म्हणाली, बोलावीन. त्याने सही केली. कायद्यात त्या प्रश्नाला जागा नाही, पण त्या सहीमागे तोच प्रश्न होता, आणि आईने उत्तर दिलं नसतं तर तो कागद तसाच परत गेला असता.

एक गोष्ट मात्र करू नका. थकलेली पोटगी सोडते, तू सही दे, असा सौदा. १९५६ च्या कायद्याचं कलम १७ दत्तकाच्या बदल्यात कुठलाही मोबदला देण्याघेण्यास मनाई करतं आणि त्याला शिक्षा आहे. बाल न्याय कायदा तर याबाबत आणखी कडक आहे. थकबाकी माफ करणं हा मोबदला नव्हे असं तुम्ही म्हणाल, पण समोरच्याने उद्या तसं म्हटलं तर अख्खं दत्तक संशयात येतं. थकबाकीचं जे काय ते वेगळं, आधी किंवा नंतर, कोर्टाच्या नोंदीवर मिटवा. संमतीच्या कागदात पैशाचा उल्लेखही नको.

आता दत्तकाने काय तुटतं ते. बरेच लोक फक्त काय मिळतं ते ऐकून येतात. दत्तक झाल्यावर मुलगी कायद्याने तुमच्या यजमानांची मुलगी होते, जणू त्यांच्याच पोटी जन्मली, आणि वडिलांच्या घराण्याशी तिचे कायदेशीर संबंध संपतात. दत्तकाआधी तिच्या नावावर आलेली मालमत्ता तिचीच राहते. पण पुढे तिकडून मिळू शकला असता तो वारसा राहत नाही. तुमच्या बाबतीत वडील हयात आहेत, त्यांच्या नावावर नाशिककडे घर किंवा शेती असेल, तर त्यात मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे. दत्तकानंतर नसेल. त्या बदल्यात ती इकडे वारस होईल. दोन्ही पारडी मांडून निर्णय घ्या, रागात नको.

विधवा ताईंनी तर हे दोनदा वाचावं. नवरा गेला, पुनर्विवाह केला, तर मुलाला दत्तक देण्याचा निर्णय तुमचा एकटीचा असतो, सासरच्यांची संमती लागत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अकेला ललिता प्रकरणात हेच सांगितलं: वडिलांच्या निधनानंतर आई हीच नैसर्गिक पालक, मुलाचं आडनाव ठरवण्याचा आणि त्याला दत्तक देण्याचा हक्क तिला आहे. त्या प्रकरणात आजी-आजोबा कोर्टात गेले होते आणि उच्च न्यायालयाने कागदोपत्री नव्या पतीचं नाव 'सावत्र वडील' म्हणून लावायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश मुलाच्या दृष्टीने क्रूर ठरवून रद्द केला. दत्तक तिथे नोंदणीकृत दत्तकपत्रानेच झालं होतं. हा निकाल अनेक आयांना बळ देतो आणि द्यायलाच हवा. पण हिशेबाची बाजूही पाहा. नवऱ्याच्या मृत्यूच्या क्षणी त्याच्या मालमत्तेतला मुलाचा वाटा मुलाच्या नावे झालेला असतो, तो जात नाही. सासरे मात्र अजून हयात असतील आणि घर त्यांच्या स्वतःच्या कमाईचं असेल, तर आधीच गेलेल्या मुलाचं मूल म्हणून तुमचा मुलगा सासऱ्यांचा पहिल्या वर्गाचा वारस आहे. सासरे हयात असताना दत्तक दिलंत तर ती वारसाची जागा गेली. आजोबांना नातवाला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्राने द्यावं लागेल. वडिलांच्या नोकरीतून मुलाला पेन्शन चालू असेल तर दत्तकाने त्यावर काय परिणाम होईल हे त्या कार्यालयाकडून आधी लेखी विचारून घ्या.

आणि दत्तक परत फिरत नाही. १९५६ च्या कायद्याचं कलम १५ म्हणतं, वैध दत्तक रद्द करता येत नाही. दत्तक पालकालाही नाही, मुलालाही नाही. देव न करो, पण उद्या तुमचं हे लग्न टिकलं नाही तर यजमान मुलीचे वडीलच राहतील: पोटगी देणारे, भेटीचा हक्क मागणारे, ताब्यावर बोलणारे. लग्नाला सहा महिने झालेलं जोडपं दत्तकासाठी आलं तर मी थोडं थांबायला सांगते. कायदा अडवत नाही, तरीही. तुमची तीन वर्षं झाली आहेत, घर बसलंय, त्यामुळे ती चिंता तुमच्याबाबत कमी आहे.

आता मुलगी. बारा वर्षांची मुलगी सगळं समजते. बाल न्याय कायद्याचं कलम ६१ सांगतं की आदेश देताना मुलाचं वय आणि समज पाहून त्याची इच्छा विचारात घ्यावी, आणि तिथली सुनावणी बंद दाराआड होते. तिला तिथे पहिल्यांदा विचारलं जाऊ नये. घरी, घाई नसलेल्या दिवशी, तुम्ही एकटीने बोला. यजमान समोर असतील तर ती त्यांचं मन राखायला 'हो' म्हणेल. अशीच एक अकरा वर्षांची मुलगी माझ्याकडे आईबरोबर आली होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एकच विचारलं: "मग नाशिकच्या आजीकडे मे महिन्यात जाता येणार नाही का?" आईला वाटत होतं ती वडिलांबद्दल विचारेल. तिची चिंता आजीची होती, आजीच्या घरामागच्या विहिरीची आणि तिथल्या मांजरीची. आम्ही तिला सांगितलं की कायदा नातं कागदावरून काढतो, आजीकडे जायला बंदी घालत नाही, ते तुझ्या आईच्या हातात आहे. आईने तिथेच तिला शब्द दिला. मुलांच्या मनातला अडथळा बहुतेक वेळा असा ठोस असतो. तो शोधून काढा. आणि मुलगी 'नको' म्हणाली, तर आत्ता थांबा. सातवीतली आहे, वेळ आहे.

प्रत्यक्ष प्रक्रिया त्यामानाने सरळ आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या 'केअरिंग्ज' पोर्टलवर तुम्ही आणि यजमान मिळून नोंदणी करता. ती तुम्हाला स्वतःला करता येते, एजंट लागत नाही. कागद लागतात ते असे: मुलीचा जन्मदाखला, तुमच्या पहिल्या घटस्फोटाचा हुकूमनामा (विधवा असल्यास पतीचा मृत्यूदाखला), आत्ताच्या लग्नाचं प्रमाणपत्र, दोघांची ओळख, पत्ता, उत्पन्न, वैद्यकीय दाखला, आणि संमतिपत्रं. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हवी, झेरॉक्स नाही. ती काढायला वेळ जातो, म्हणून आधीच अर्ज करून ठेवा. लग्न मंदिरात झालं असेल आणि नोंदवलं नसेल तर आधी महापालिकेच्या विवाह निबंधकाकडे ते नोंदवून घ्या, नाहीतर पोर्टलवर तिथेच अडकाल.

पुढे अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत जातो. पूर्वी दत्तकाचा आदेश न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आणि ती दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका अंतरिम आदेशाने प्रलंबित अर्जांची सुनावणी न्यायालयांतच चालू ठेवायला सांगितलं होतं, त्यामुळे ओळखीच्यांचे अनुभव ऐकाल तर कोणी कोर्टाचं सांगेल, कोणी जिल्हाधिकाऱ्यांचं. दोघंही खरं सांगत असतील. तुमचा अर्ज आज कोणापुढे लागणार हे अर्ज देतानाच बाल संरक्षण कक्षात विचारून लिहून घ्या. कायद्यात दोन महिन्यांत निकाल द्यावा असं म्हटलंय. प्रत्यक्षात कागद किती नीट आहेत यावर सगळं अवलंबून.

पत्त्याची एक गल्लत नवी मुंबईत हमखास होते. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे सगळं ठाणे जिल्ह्यात. तुमचं काम ठाण्यात. पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडात येतात, म्हणजे जिल्हाधिकारी अलिबागला. नवी मुंबई म्हणून सगळे एकच समजतात आणि खारघरचं जोडपं ठाण्याला अर्ज घेऊन येतं. आधारवरचा पत्ता आणि राहता पत्ता वेगवेगळ्या जिल्ह्यांत असेल तर आधी तो सरळ करा. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश कोणाला मान्य नसेल तर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. ठाणे आणि रायगड दोन्हींसाठी ते बेलापूरच्या कोकण भवनात.

वडील संमती देतच नाहीत, किंवा सापडतच नाहीत, तर? सापडत नसतील तर शोधल्याचा माग ठेवा: शेवटच्या ठाऊक पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पत्र, त्यांच्या आई-वडिलांकडे पत्र, मोबाइलवर पाठवलेले संदेश, परत आलेले लिफाफे न फाडता. हे सगळं पुढे कामी येतं. पण 'सापडत नाहीत' असं स्वतःच प्रतिज्ञापत्र करून आणि पेपरात जाहिरात देऊन संमतीची जागा भरता येत नाही. अशा वेळी मी बहुतेकांना पालकत्वाचा अर्ज सुचवते. पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली, मुलगी जिथे राहते तिथल्या न्यायालयात, यजमानांना तिचे पालक नेमावं असा अर्ज. वडिलांना नोटीस जाते, न आल्यास कोर्ट रीतसर पेपरात प्रसिद्धी करायला सांगतं, आणि मुलीचं हित पाहून निर्णय देतं. यातून यजमानांना शाळा, दवाखाना, बँक इथे सही करण्याचा अधिकार मिळतो. वारसा मिळत नाही, आणि हे पालकत्व ती १८ ची झाली की संपतं. वारशासाठी यजमानांनी मृत्युपत्र करावं, त्यात मुलीचं नाव, नातं आणि वाटा स्पष्ट लिहावा. विम्यात, सोसायटीत, बँकेत नुसतं नॉमिनी करून भागत नाही. नॉमिनी रक्कम घेऊ शकतो, मालकी वारसाची असते.

फक्त आडनावाचाच त्रास असेल तर? राज्य सरकारच्या राजपत्रात आई म्हणून तुम्ही मुलीच्या नावबदलाची नोंद करू शकता. पण आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, आणि यजमानांचं नाव मधे लावणं म्हणजे कागदावर ते वडील आहेत असं म्हणणं. गॅझेटने आडनाव बदलतं, पितृत्व बदलत नाही. जन्मदाखल्यातल्या वडिलांच्या रकान्याला गॅझेट हात लावत नाही. म्हणून गॅझेट, आधारवर 'द्वारा' म्हणून यजमानांचं नाव, शाळेत तोंडी विनंती, असे तुकडे जोडत बसलात तर दहावीच्या वेळी मुलीचे चार कागद चार नावांचे होतात. पासपोर्टची घाई असेल तर त्यासाठी थांबायची गरज नाही: २०१६ पासून अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव देता येतं, तुमच्या नावावर तिचा पासपोर्ट निघू शकतो.

दत्तकाचा आदेश हातात आला की क्रम पाळा. आधी जन्मदाखला. तो तुम्ही जिथे राहता तिथून नाही, मुलगी जिथे जन्मली तिथल्या निबंधकाकडून निघतो; नाशिकला जन्म असेल तर नाशिक महापालिकेत. नव्या दाखल्यात आई-वडील म्हणून तुमची दोघांची नावं येतील, जन्मतारीख आणि जन्मस्थळ तेच राहील. मग आधार, मग शाळा, मग बाकी. शाळेत जनरल रजिस्टरमध्ये बदल करायला शिक्षण विभागाची परवानगी लागते आणि शाळा सोडल्यानंतर तो बदल फार अवघड होतो, म्हणून नववीत जायच्या आत करा. तुमच्याकडे त्यासाठी पुरेसा वेळ आहे. जातीच्या दाखल्याचा प्रश्न असेल, तुमची आणि यजमानांची जात वेगळी असेल, तर दत्तकाने जात आपोआप बदलते असं धरून कुठेही अर्ज भरू नका. पडताळणी समितीपुढे तो वेगळा मुद्दा आहे आणि त्यासाठी वेगळा सल्ला घ्या.

आदेशाच्या प्रमाणित प्रती एकदमच जास्तीच्या मागून घ्या. जन्मनोंदणीवाले एक ठेवून घेतात, शाळा एक मागते, आणि मूळ प्रत कुठेही द्यायची नाही.